मामाची मुकी चिमणी

१

मामाला बर्फातून वर काढलं, तेव्हा जमलेल्या सगळ्यांनी डोक्याला हात लावला.

मामा मेला होता म्हणून नव्हे. मामा कधी जिवंत नव्हताच. चिंध्या, रबर आणि वाळू भरून केलेला तो पुरुषभर उंचीचा बाहुला होता, आणि डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या चाचणी केंद्रात वर्षानुवर्षं बर्फाखाली पुरून घेण्याची नोकरी इमानेइतबारे करत होता. केंद्रात नवा माणूस आला की जुनी मंडळी त्याला सांगत, "आतल्या खोलीत मामा झोपलेत, त्यांना चहा विचारून ये." तो बिचारा विचारायला जाई आणि सगळे मिळून त्याचाच मामा बनवत. नाव तिथून पडलं.

घोटाळा झाला होता तो मामाच्या छातीवरच्या चिमणीचा.

चिमणी म्हणजे मुठीत मावेल एवढं यंत्र. बर्फाळ डोंगरावर जाणाऱ्या प्रत्येकाने ते छातीशी बांधायचं. चालू केलं की ते सारखी साद घालत राहतं, पण ती कानाला ऐकू येत नाही. बर्फाचा कडा कोसळून कोणी गाडला गेला, की वाचलेल्यांनी आपापली चिमणी 'ऐकण्या'वर लावायची. गाडलेल्याची साद मिळाली की ती चिवचिवू लागते. चिवचिवाट वाढेल तिकडे सरकायचं, लांब सळई खुपसून चाचपायचं आणि फावड्याने उकरायचं. बर्फाखाली श्वास फार वेळ पुरत नाही. चहाचा कप निवायच्या आत माणूस हाती लागला तर लागला.

सळई, फावडं आणि चिमणी, या तिन्हींसाठी सुरक्षेचे नियम ठरवायला एक समिती बसली होती. सळई किती वाकली तर चालेल यावर एक हिवाळा गेला. फावड्याच्या दांड्याने दुसरा खाल्ला. आता चिमणी तेवढी राहिली होती. त्या सकाळी शेवटची चाचणी होती आणि दुपारी मतदान.

चाचणी आंधळी होती, म्हणजे मामा कुठे पुरलाय हे शोधणाऱ्यांना माहीत नव्हतं. ते 'ऐकण्या'वर लावलेल्या चिमण्या घेऊन उतारावर पसरले. एकही चिवचिवली नाही. पुन्हा फिरले. तरी शांत. शेवटी खांद्याला खांदा लावून रांग केली आणि जुन्या पद्धतीने पावलापावलावर सळया खुपसत गेले, तेव्हा कुठे मामा लागला. तोवर चहाचा कप निवून, वर साय धरून, गोठलाही असता.

"खरा माणूस असता तर..." कोणीतरी म्हणालं, आणि वाक्य तिथेच सोडलं.

बचाव पथकाचा प्रमुख, ज्याला सगळे कप्तान म्हणत, त्याने आपली चिमणी थेट मामाच्या छातीला लावली. काही नाही. त्याने मामाला खांद्यावर टाकून वाळवणीच्या खोलीत नेलं, ओले कपडे उतरवले, छातीवरचं यंत्र सोडवलं आणि प्रयोगशाळेतल्या मॅडमच्या हातात दिलं. मॅडमनी ते टेबलावर ठेवून तपासणीचा काटा लावला.

चिमणी ठणठणीत बोलत होती.

बटण 'चालू'वर होतं. आदल्या संध्याकाळी सगळ्यांसमोर लावलेलं लाखेचं सील जसंच्या तसं होतं. बॅटरी भरलेली होती. मामाला पुरल्यापासून उतारावर पहारा होता आणि बर्फावर परकं पाऊल उमटलेलं नव्हतं.

मग एवढ्या बर्फाखाली उतरून चिमणीचा गळा दाबला तरी कोणी?

२

सभेच्या खोलीत रणकंदन माजलं होतं.

चिमण्या बनवणारे कारखाने दोनच होते, आणि दोन्हींचे मालक समितीवर होते. त्यातून ते सख्खे भाऊ. वडिलांच्या पश्चात कारखाना दुभंगला आणि बोलणंही तुटलं. नावं कोणी घेत नसे, थोरले आणि धाकटे एवढंच म्हणत. मामाच्या छातीवरची चिमणी थोरल्यांची होती.

"यंत्र टेबलावर चालतं आणि बर्फाखाली चालत नाही?" थोरले टेबल ठोकून म्हणाले, "अध्यक्ष, हा घातपात आहे. कोणी केला, ते मी माझ्या तोंडाने सांगायची गरज नाही."

"अध्यक्ष," धाकटे छताकडे बघत म्हणाले, "काहींना सांगा, नाचता येईना अंगण वाकडं."

अध्यक्ष हे शांत स्वभावाचे, निवृत्त अभियंते होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि खोलीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे आक्का बसल्या होत्या.

आक्का समितीवर ग्राहकांच्या वतीने होत्या. उभी हयात त्यांनी विमा कंपनीत काढली होती, तीही दावे तपासण्यात. जळालेली गोदामं, बुडालेल्या होड्या, 'आपोआप' हरवलेले दागिने, सगळं बघून झालं होतं. दोन हिवाळे त्या सभेत कमी बोलल्या होत्या, पण बोलल्या की इतिवृत्त लिहिणाऱ्याला आधीचं खोडावं लागे.

"आक्का, मतदानापर्यंत वेळ आहे," अध्यक्ष म्हणाले. "यंत्र खोटं असेल तर ते बाद होईल, घातपात असेल तर करणारा बाद होईल. पण अंदाजपंचे मत टाकायला मी लावणार नाही."

"बघते," आक्का म्हणाल्या. मनातून त्या खूश झाल्या होत्या. फावड्याच्या दांड्यापेक्षा हे बरं होतं.

जाता जाता त्यांनी थोरल्यांना बाजूला घेतलं. "तुमच्या चिमणीत काय विशेष आहे, ते मला अडाण्याला सांगतात तसं सांगा."

थोरल्यांचा राग क्षणभर निवला. स्वतःच्या लेकराबद्दल बोलावं तसे ते बोलू लागले. "आक्का, बर्फातल्या यंत्राचा वैरी म्हणजे पाणी. आणि पाणी शिरतं कुठून, तर बटणाच्या भोकातून. मी भोकच ठेवलं नाही! बाहेरचं बटण सरकवलं की त्याच्या पोटातलं इवलंसं लोहचुंबक सरकतं. आतल्या पात्याला ते भिंतीपलीकडून जाणवतं आणि यंत्र सुरू होतं. समुद्रात टाका, थेंब जाणार नाही."

"हुशारी आहे."

"वडिलांची कल्पना," थोरले म्हणाले, आणि लगेच त्यांचा आवाज चढला, "जी धाकट्याने सोडून दिली. आक्का, काल संध्याकाळी सील लावल्यावर मामाला चिमणी बांधून सामानाच्या खोलीत ठेवला. रात्रीच्या जेवणाआधी मी खिडकीतून बघितलंय, धाकटा त्या खोलीतून बाहेर पडत होता!"

३

वाळवणीची खोली उबदार होती. मधोमध लोखंडी शेगडी धगधगत होती आणि तिच्याभोवती ओले मोजे, हातमोजे, दोर टिपटिपत होते. मामा उघडाबोडका होऊन बाकावर पडला होता. त्याचं जाकीट शेगडीच्या लोखंडी कठड्यावर टाकलेलं होतं. आक्कांनी हात शेकायला जागा करावी म्हणून ते उचललं, तर पुढची एक पट्टी कठड्याला घट्ट धरून राहिली. जरा ओढल्यावर टक् करून सुटली. गोठून चिकटली असेल, असं म्हणत त्यांनी ते बाजूला ठेवलं.

कप्तान खांदे पाडून उभा होता. धिप्पाड गडी, पण सकाळपासून त्याचं कशात लक्ष नव्हतं.

"तुला ही यंत्रं आवडत नाहीत म्हणे," आक्का म्हणाल्या.

"कोण म्हणालं? मी एवढंच म्हणतो की कुत्रा बरा. कुत्र्याची बॅटरी संपत नाही." मग तो ओशाळला. "पण पोरांच्या छातीवर बांधतो ना मी ती. विश्वास नसता तर बांधली असती का?"

"आज सकाळी मामाला कोणी तयार केलं?"

"मीच. पट्टा उलटा पडला होता, काल बांधताना मॅडमना घाई झाली असावी. तो सरळ केला, वरून जाकीट घातलं, आणि पथकातल्या दोघांना घेऊन पुरला. आमच्याजवळ ऐकायला एकही चिमणी नव्हती. पुरणाऱ्याने ती न्यायचीच नाही, असा नियम आहे. जागा फुटू नये म्हणून."

"म्हणजे पुरताना चिमणी बोलतेय की नाही, हे कोणीच ऐकलं नाही."

"नाही."

"ते दोघं कुठे आहेत?"

"पथकाबरोबर वर गेले. हिवाळी सराव आहे, आज पलीकडचा उतार ओलांडायचाय."

आक्कांनी मामाकडे पाहिलं. "मागच्या वर्षी याच्या अंगात फाटका कोट होता. दोरीने बांधलेला."

कप्तान पहिल्यांदा हसला. "ताईने टाकून दिला तो. माझी थोरली बहीण, खाली शिवणाचं दुकान आहे तिचं. म्हणाली, माणूस बाहुला असला म्हणून काय झालं, थंडी वाजत नसेल का? पथकासाठी तिने नवी जाकिटं शिवली, त्यातलंच उरलेलं मामाला दिलं. झकास आहे. जाड हातमोजे घालून चेन ओढता येत नाही, हे तिला ठाऊक. म्हणून असं केलंय की नुसत्या दोन बाजू जवळ आणल्या की आपणहून बंद होतं."

आक्का 'हं' म्हणाल्या आणि उठल्या. दाराशी पोचल्यावर त्या थबकल्या. शेगडीजवळच्या मोज्यांमधून पाणी गळत होतं. दोर मऊ पडले होते. त्या उबेत गोठलेलं असं काहीच नव्हतं.

त्या वळून जाकिटाकडे बघत राहिल्या.

४

धाकटे खिडकीशी एकटेच बसले होते.

"मी माझ्या खोलीतच होतो काल," विचारण्याआधीच ते म्हणाले. "सामानाच्या खोलीकडे फिरकलोही नाही."

"बरं," आक्का म्हणाल्या आणि समोर बसल्या. "मग तुमच्या मते काय झालं असेल?"

"निष्काळजीपणा, दुसरं काय! इथल्या माणसांना साधा पट्टा बांधता येत नाही. उलटा पडलाय, पीळ बसलाय, तसाच सोडून दिला. ज्यांना पट्टा कळत नाही, त्यांना..."

आक्का नुसत्या बघत राहिल्या. समोरच्याने स्वतःच खड्डा खणला की आपण फावडं चालवायचं नसतं, हे त्या नोकरीत शिकल्या होत्या.

धाकट्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"पट्टा रात्री उलटा होता," आक्का शेवटी म्हणाल्या. "सकाळी कप्तानने सरळ केला. समितीने मामाला पाहिलं ते पट्टा सरळ झाल्यावर. तो उलटा होता हे रात्री खोलीत गेलेल्यालाच कळणार."

"गेलो होतो," धाकटे पुटपुटले. "पण हात लावला नाही, आक्का. आईची शपथ. मी माझी चिमणी घेऊन गेलो होतो, ऐकायला. आणि..." ते खिडकीकडे वळले.

"आणि काय ऐकलंत?"

"दादाच्या चिमणीची साद. इतकी स्वच्छ! भिंतीपलीकडून, दाराबाहेरून, बोळाच्या टोकापासूनही. माझं यंत्र तेवढं बोलत नाही. कधीच बोललं नाही." त्यांनी तळव्यांनी डोळे चोळले. "मला हेवा वाटला, खोटं कशाला सांगू. पण ते यंत्र बंद करणं म्हणजे बाबांचंच तोंड दाबल्यासारखं झालं असतं. ते मला जमायचं नाही."

आक्कांना त्यांची दया आली, पण त्यांचं डोकं दुसरीकडे धावत होतं. "तेव्हा मामाच्या अंगात काय होतं?"

"काही नाही. स्वेटर होता, त्यावर पट्टा. का?"

आक्का ताडकन उठल्या. "चला माझ्याबरोबर. मतदान नंतर. आधी सगळ्यांना वाळवणीच्या खोलीत बोलवा. आत्ताच्या आत्ता!"

५

शेगडीभोवती समिती दाटीवाटीने उभी राहिली. थोरले एका टोकाला, धाकटे दुसऱ्या.

"जळालेल्या गोदामात गेले की मी आग कोणी लावली हे आधी विचारत नसे," आक्का म्हणाल्या. "मी विचारायची, सगळं शेवटचं ठीक कधी होतं? इथेही तेच. चिमणी शेवटची बोलली काल रात्री. धाकट्यांनी स्वतः ऐकली, आणि आपल्याच तोट्याचं ते कबूल केलं, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास आहे."

थोरल्यांनी चमकून भावाकडे पाहिलं.

"सील मोडलेलं नाही, म्हणजे यंत्र कोणी उघडलं नाही. बर्फावर पाऊल नाही, म्हणजे पुरल्यावर कोणी आलं नाही. खड्ड्यातून काढल्यावरही ती मुकीच होती, म्हणजे दोष बर्फाचाही नाही. टेबलावर ठेवली आणि बोलू लागली. तर मंडळी, रात्री नव्हती, सकाळी आली, आणि टेबलावर पोचेपर्यंत गेली, अशी एकच गोष्ट मामाजवळ होती."

त्यांनी जाकीट उचललं आणि कठड्याजवळ नेलं. टक्. पट्टी लोखंडाला जाऊन चिकटली.

"अरे देवा," मॅडम म्हणाल्या. त्यांना क्षणात कळलं. "लोहचुंबकं!"

"हातमोजे घालून बंद करता यावं म्हणून शिवलेली," आक्का म्हणाल्या. "थोरले, तुमच्या यंत्रातलं चुंबक इवलंसं. ही चांगली दणदणीत आहेत, आणि बरोबर छातीवर येतात. आतलं पातं बिचारं कोणाचं ऐकणार?"

मॅडमनी आधीच चिमणी आणायला धाव घेतली होती. पट्टा बांधून ती मामाच्या छातीवर बसवली. धाकट्यांच्या हातात ऐकणारी चिमणी होती, ती जोरात चिवचिवत होती. मॅडमनी जाकीट चढवून दोन्ही बाजू जवळ आणल्या.

टक्.

खोली शांत झाली. जाकीट उघडलं, चिवचिवाट. बंद केलं, शांत. बाहेरचं बटण मात्र तसंच 'चालू'वर, जणू काही झालंच नाही.

"म्हणजे घातपात नाही," अध्यक्षांनी सुस्कारा सोडला. "कोणीच काही..."

"कप्तान!" आक्का ओरडल्या.

कप्तानचा चेहरा बर्फासारखा पांढराफटक पडला होता.

"पोरं," तो म्हणाला. "सगळ्यांच्या अंगात तीच जाकिटं आहेत. आणि चिमण्याही याच."

६

बिनतारी यंत्राच्या खोलीत कप्तान पोचला तेव्हा मागून अख्खी समिती धावत होती, अध्यक्षांसकट.

"वरचं पथक! वरचं पथक, ऐकताय का?"

नुसती खरखर. कप्तानने पुन्हा हाक मारली. थोरले दाराच्या चौकटीला धरून उभे होते. धाकटे त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. दोघांपैकी कोणाच्याही ते ध्यानात आलं नसावं.

पुन्हा खरखर, आणि मग त्यातून एक आनंदी तरुण आवाज, "ऐकतोय कप्तान! उताराच्या काठावर आहोत. दोर बांधून झाले, पहिला गडी निघतोच आहे."

"थांबवा त्याला! एकानेही पाऊल टाकायचं नाही! जाकिटं बंद आहेत?"

"हो तर, वारा आहे. ताईच्या कृपेने..."

"तशीच बंद ठेवा आणि एकाने आपली चिमणी बाहेर काढून बाकीच्यांच्या ऐका. आत्ता, मी थांबलोय."

वाट बघताना खोलीत कोणी हललं नाही. परत आवाज आला तेव्हा त्यातला आनंद पार उडाला होता. "कप्तान... जवळजवळ सगळ्याच मुक्या आहेत. निघताना तपासल्या होत्या हो! खोलीत, जाकीट घालायच्या आधी. तेव्हा बोलत होत्या."

"जाकिटं उघडा, कमरेला दोरी गुंडाळा, चुंबकं छातीपासून लांब ठेवा. उतार ओलांडायचा नाही. डोंगराच्या धारेने परत या, सावकाश." कप्तानने बोलायचं यंत्र खाली ठेवलं, खुर्चीत बसला आणि हाताच्या पंजात तोंड लपवून ढसाढसा रडला. आक्का त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या.

खालून ताई धापा टाकत आली, ती हातात कात्री घेऊनच. तिला फोनवर कोणीतरी अर्धवट सांगितलं होतं. "मी माझ्या हाताने..." एवढंच ती म्हणत होती. "मायेने करायला गेले, आणि पोरांचा जीवच घ्यायला निघाले होते मी!"

"बाई, बसा," आक्का म्हणाल्या. "तुम्ही चांगलं जाकीट शिवलंत, यांनी चांगलं यंत्र बनवलं. दोन चांगल्या गोष्टी एकमेकींजवळ आल्या की काय होईल, हे बघायचं काम आमचं. आम्ही एक हिवाळा सळई आणि दुसरा फावड्याचा दांडा बघत बसलो."

सभा उशिरा भरली. अध्यक्षांनी विचारलं की नियमात काय लिहायचं, तर सगळ्यांच्या आधी थोरले उभे राहिले.

"लिहा," ते म्हणाले. "बाहेरचं लोहचुंबक जवळ आलं तरी यंत्राने बंद पडता कामा नये. ही चाचणी प्रत्येक यंत्राची झालीच पाहिजे."

"त्यात तुमचंच यंत्र बसत नाही," अध्यक्ष हळूच म्हणाले.

"ठाऊक आहे. बाजारात गेलेली सगळी मी परत मागवतो. लिहा तुम्ही." ते बसले आणि टेबलाकडे बघत राहिले.

"दादा," धाकटे म्हणाले. खोलीतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. "माझं बटण फिरवायचं आहे, चुंबकाचं नाही. रबराच्या कड्या घातल्यात, पाणी जात नाही. तुझ्या चिमणीला ते बसेल. साद मात्र तुझीच ठेवू. माझी कुचकामी आहे."

थोरले खाकरून म्हणाले, "कुचकामी नाही. जरा बसकी आहे, एवढंच."

मग शब्दांवरून वाद जुंपला. मॅडमना 'बाह्य चुंबकीय क्षेत्र' हवं होतं. ताई, जिला अध्यक्षांनी आग्रहाने बसवून घेतलं होतं, डोळे पुसत म्हणाली, "असलं लिहिलंत तर मला कसं कळणार हो? आणि शिवणार मीच. सरळ 'लोहचुंबकाची बटणं' म्हणा." मॅडमनी विचार केला, हसल्या आणि स्वतःचे शब्द खोडले. त्याखाली कप्तानने आणखी एक कलम घालायला लावलं. चिमणी तपासायची ती दाराबाहेर, सगळे कपडे घालून, निघायच्या शेवटच्या क्षणी.

सगळे हात वर गेले. आक्कांनीही केला, आणि त्यांना फार बरं वाटलं. आयुष्यभर त्यांनी नुकसान होऊन गेल्यावर दोष कोणाचा ते शोधलं होतं. आज पहिल्यांदा त्या नुकसानीच्या आधी पोचल्या होत्या.

ऊन कलत असताना पथक धारेवरून उतरताना दिसलं. जाकिटं वाऱ्यावर फडफडत होती आणि कमरेला दोऱ्या होत्या, त्यामुळे रुबाबदार पथकाऐवजी लग्नाहून परतणारं उधळलेलं वऱ्हाड वाटत होतं. कप्तान ऐकणारी चिमणी घेऊन फाटकात जाऊन उभा राहिला. एकेक जण समोरून गेला, एकेकाची चिमणी बोलली, आणि प्रत्येकाच्या पाठीत त्याने असा धपाटा घातला की पोरं कळवळली.

"अहो कप्तान, झालं काय एवढं?" शेवटचा म्हणाला.

"काही नाही," कप्तान म्हणाला. "आत चल. चहा निवतोय."